परतीचा कोन

साताऱ्याहून महाबळेश्वरास जाण्याच्या दोन वाटांपैकी पाचगणीवरून जाणारी वाट हौशी प्रवाशांची आणि मेढा-केळघरवरून घाट चढणारी वाट जावळीकरांची, अशी वाटणी जणू पूर्वापार होऊन गेलेली आहे. वेण्णेच्या काठी वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. १६५६ साली शिवछत्रपतींनी चंद्रराव मोऱ्यांकडून जी जावळी जिंकून घेतली तिचे नाव धारण करणाऱ्या तालुक्याचा कारभार आज येथल्या तहसील कचेरीतून चालतो, आणि भाताची खाचरे, डोंगरउतारावरची नाचणी व पावसाळ्यात महिनोन्‌महिने न उलगडणारे धुके यांखेरीज या मुलखाचे मोठे उत्पन्न कोणते असे विचाराल, तर ते मुंबईस जाणारी माणसे हे होय. गिरण्यांत, गोदीत आणि पुढे माथाडी म्हणून बाजारपेठांत राबलेल्या या माणसांनी गावी परतताना मनिऑर्डरींच्या पावत्यांबरोबर चाळीतल्या कित्येक सवयीही आणल्या, आणि त्यांतली एक सवय म्हणजे कॅरम.

पूलचे हिरवे टेबल पाहावयाचे तर मेढ्याच्या माणसाने बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी. परंतु पूल खेळणारे ज्याला बँक शॉट म्हणतात, म्हणजे चेंडू सरळ भोकाकडे न धाडता प्रथम कुशनवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, आदळवून परतीच्या वाटेने भोकात घालणे, त्याचे सख्खे भावंड मेढ्याच्या माळ्या-माळ्यांवर रिबाऊंड या नावाने नांदत आहे. ज्याची सोंगटी स्वतःच्या बेसलाईनच्या खाली, आपल्याच पोटाजवळ येऊन बसली, त्याला स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवर धाडून परत बोलावण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. एरवीच्या कटात डोळा आणि बोट यांच्या भरवशावर मनुष्य बरीच मजल मारतो. रिबाऊंडमध्ये मात्र ज्या बिंदूवर नेम धरावयाचा तो बिंदू रिकामा असतो, तेथे सोंगटीही नसते आणि भोकही नसते, आणि म्हणूनच ही विद्या दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावी लागते. कोणाकडून घ्यावी, छापील आकृतीकडून की हलत्या चित्राकडून, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न माझ्या कानी आला तो मेढ्याच्या बाजारपेठेत, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, बोरिक पावडरीने पांढऱ्या झालेल्या बोर्डाभोवती बसलेल्या मंडळींत. मुंबईच्या बाजारात उमर घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि साताऱ्याच्या कॉलेजात शिकणारा त्यांचा पुतण्या यांच्यात वाद जुंपला होता. "काका, बघा तर खरं, मोबाईलवर सगळं दिसतंय," असे म्हणून पुतण्याने पडदा पुढे केला, त्यावर काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि म्हणाले, "दिसतंय रं, पर फ्रेमवर नेमका कुठं लागला, ते दिसतंय का? आन्‌ किती जोरानं मारला?" पुतण्याने तीच चित्रफीत मंद गतीने लावली; काकांनी मान हलवली. वादाचा निकाल तेथे लागला नाही, परंतु काकांच्या त्या दोन पृच्छांत या सर्व विषयाचे मर्म आले आहे असे मला वाटते.

प्रथम पहिली पृच्छा, 'कुठे'. शाळेतल्या आरशाच्या धड्यात आपण शिकलो की आपाती कोन आणि परावर्तित कोन समान असतात. तद्वत् कुशनला आरसा मानून पलीकडच्या कल्पित टेबलावर भोकाचे प्रतिबिंब काढावे आणि त्या प्रतिबिंबाच्या रोखाने मारावे, ही बँक शॉटची सनातन रीत. मात्र हा आरसा कोठे उभा आहे, याविषयी नवशिका हमखास फसतो. चेंडूचा मध्यबिंदू कुशनच्या कडेपर्यंत कधीच पोहोचत नाही. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असल्याने त्याचा मध्य कडेपासून त्रिज्येइतक्या, म्हणजे जवळजवळ २.९ सेंटीमीटर अंतरावरूनच मागे फिरतो. उलट, टेबलाच्या लाकडी कठड्यावर नेमासाठी ज्या खुणा जडवलेल्या असतात आणि ज्यांना डायमंड म्हणतात, त्या कुशनच्या कडेमागे सुमारे ९.४ सेंटीमीटरवर असतात. एकाच कठड्यावर असे तीन आरसे झाले आणि त्यांपैकी खरा एकच. नऊ फुटी टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र २५४ सेंटीमीटर लांब आणि १२७ सेंटीमीटर रुंद असते. समजा, लांब बाजूच्या कुशनपासून ४० सेंटीमीटरवर चेंडू आहे आणि तो त्या कुशनवर आदळवून समोरच्या लांब बाजूवरील मधल्या भोकात घालावयाचा आहे, आणि हे भोक लांबीच्या दिशेने ६५ सेंटीमीटर पुढे आहे. त्रिज्येचा हिशेब धरून मांडणी केली तर चेंडूने सुमारे १५ सेंटीमीटर पुढे कुशनला स्पर्श करावयास हवा. पण ज्याने डायमंडांच्या रेषेलाच आरसा समजून त्या खुणांच्या रोखाने चेंडू धाडला, त्याचा चेंडू इतर सर्व काही बिनचूक होऊनही भोकाच्या मध्यापासून साडेआठ सेंटीमीटर अलीकडे येऊन लागतो. मधल्या भोकाचे तोंड पुरते तेरा सेंटीमीटरही नसते. अर्थात् चेंडू आत जाणे नाही.

कॅरमवर हाच हिशेब अधिक निष्ठुर होतो. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर, भोकाचा ४.४५ आणि खेळण्याचा चौरस जेमतेम ७४ सेंटीमीटरांचा; सोंगटीच फ्रेमवर आदळवून घालावयाच्या पंचेचाळीस अंशांच्या रिबाऊंडमध्ये जो तिची त्रिज्या विसरला त्याची चूक तीन सेंटीमीटरांवर जाते, म्हणजे सोंगटी भोकाच्या मध्यापासून निम्म्या भोकाहून अधिक हुकते.

आता सांगा, हे सर्व चित्रफितीत दिसते काय? छापील आकृती स्वभावतःच माथ्यावरून पाहते. तिच्यात कोन खरा राहतो, प्रमाण खरे राहते, आणि पट्टी व कोनमापक घेऊन बसणाऱ्या वाचकाला तिची फेरतपासणी करता येते. चित्रफीत काढणारा मनुष्य बहुधा खेळाडूच्या खांद्यामागे किंवा टेबलाच्या कोपऱ्याशी कॅमेरा उभा करतो, कारण तेथून चेहरा दिसतो, हात दिसतो आणि देखावा उठून दिसतो. परंतु त्या दृष्टिकोनातून टेबलाची लांबी आखडते, दूरचा कोन उघडतो, जवळचा मिटतो, आणि कुशनची कड, चेंडूचा मध्य व डायमंडची खूण यांतले ते निर्णायक अंतर एका रेषेत विरघळून जाते. छताला टांगलेल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रफिती आहेत, नाहीत असे नाही. पण त्या वेचून काढाव्या लागतात. पुस्तकात हा दोष संभवतच नाही, हा त्याचा मोठा गुण असूनही त्याची वाखाणणी करताना कोणी आढळत नाही.

पुस्तकाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. दहा सेंटीमीटर लांबीच्या आकृतीत नऊ फुटी टेबल बसवले तर पानावरचा एक मिलिमीटर म्हणजे टेबलावरचे अडीच सेंटीमीटर होतात, आणि पेन्सिलीच्या रेघेची जाडी म्हणजेच सव्वा सेंटीमीटर. आकृतीवरून वाट कळते. शेवटचा केसभर फरक मात्र कळत नाही. तथापि वाट कळल्यावाचून केसभर फरकाची उठाठेव करणे हे निरर्थक आहे.

काकांची दुसरी पृच्छा 'किती जोराने', आणि येथे कागदाची खरोखरच पंचाईत होते. कुशन हा आरसा आहे ही गोष्ट मुळी अर्धसत्य आहे. रबर दबते आणि उसळते. जोराच्या फटक्याने घसरत आलेला चेंडू आरशाच्या कोनापेक्षा आखूड कोनात परततो, उलट सावकाश गडगडत आलेल्या चेंडूच्या अंगी जी पुढची फिरकी असते ती आदळल्यानंतरही शिल्लक राहून त्याची वाट वाकवते आणि लांबवते. त्यात चेंडूला कट देऊन मारला असेल तर दोन चेंडूंच्या घर्षणाने लक्ष्याच्या चेंडूला थोडी आडवी फिरकी लागते, आणि ती कुशनवर आपला वेगळाच कौल देते. एकाच जागेवरचा एकच चेंडू एकाच बिंदूवर तीन वेगांनी मारला तर तीन ठिकाणी जातो. कॅरममध्ये सोंगटी गडगडत नाही, ती सरकते, आणि फ्रेम लाकडाची असल्याने घेतलेल्या वेगाचा बराच अंश गिळून टाकते. पण वेगानुसार कौल बदलतो हे तेथेही खरेच. कागदावर याला उपाय म्हणजे 'मध्यम वेगाने मारावे' असे लिहिणे, आणि मध्यम म्हणजे किती, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या छापखान्यात खिळ्यांतून जुळवता आलेले नाही. येथे हलत्या चित्राची सरशी निर्विवाद आहे: चेंडू किती रेंगाळला, कुशनवरून किती झपाट्याने सुटला, भोकात पडला तेव्हा त्यात किती जीव उरला होता, हे पाहणाऱ्याला तत्क्षणी उमगते.

परंतु या सरशीचाही एक पंचनामा करावयास हवा. साध्या चित्रफितीत सेकंदाला तीस चित्रे असतात. जोराचा बँक शॉट सेकंदाला पाच मीटरांच्या वेगाने धावतो असे धरले तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चेंडू जवळजवळ सतरा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या व्यासाच्या तिप्पट अंतर कापून गेलेला असतो. आणि कुशनशी त्याचा स्पर्श तर सेकंदाच्या काही हजारांश भागाइतकाच टिकतो. ज्या क्षणी सर्व काही घडते तो क्षण चित्रफितीत बहुधा नसतोच. पुतण्याने चित्रफीत मंद केली तेव्हा नसलेली चित्रे निर्माण झाली नाहीत, असलेलीच लांबली. काकांनी मान हलवली ती उगीच नव्हे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्रशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड ॲल्सियाटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे क्षण टिपून या खेळाच्या अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत, आणि ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की त्यांनीही २००४ साली आकृत्यांनी भरलेला ग्रंथ लिहिलाच. त्यांच्याआधी रॉबर्ट बर्न या अमेरिकन लेखकाने १९७८ साली पूल आणि बिलियर्ड्सचे आपले प्रमाणग्रंथवजा पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे त्याच नावाने चित्रफितीही काढल्या. उभय साधनांवर ज्यांचा हात बसला होता अशा या दोघांनीही एकावरच भिस्त ठेवली नाही. असे असता आपल्याकडे मात्र पुस्तक म्हणजे कालबाह्य अडगळ असा निवाडा फार स्वस्तात दिला जातो.

हलत्या चित्राच्या बाजूने एक सन्माननीय साक्ष आहे आणि ती न नोंदणे अन्यायाचे होईल. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९५९ साली डोनाल्ड बदकाला गणिताच्या राज्यात नेणारा एक लघुपट काढला; त्यात तीन कुशनांच्या बिलियर्ड्सचा एक निष्णात खेळाडू कठड्यावरचे डायमंड मोजून, एका आकड्यातून दुसरा आकडा वजा करून, चेंडू नेमका कोठे मारावा हे ठरवतो, आणि डोनाल्ड आपल्या स्वभावानुसार त्या पद्धतीचा फज्जा उडवतो. वजाबाकीसारखी रुक्ष गोष्ट इतक्या लडिवाळपणे शिकवणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही. परंतु त्या लघुपटाचे सामर्थ्य कशात आहे ते नीट पाहा: तेथे चित्र थांबते, टेबल माथ्यावरून दिसते, त्यावर रेषा आणि आकडे उमटतात. म्हणजे जेथे ते चित्र उत्तम शिकवते तेथे ते काही काळ पुस्तकाचे पान झालेले असते.

आमच्या या सातारा-सांगलीच्या मुलखात अंगमेहनतीची विद्या कागदावरून शिकवण्याचा प्रयोग नवा नाही, आणि त्याचे नाते एका संस्थानिकाशी आहे. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार; १९१६ साली त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले. सूर्यनमस्काराचा त्यांना ध्यास लागला तेव्हा त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, त्यात प्रत्येक आसनस्थितीची चित्रे घातली, आणि तेवढ्यावर न थांबता आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. ही सक्ती आजच्या वाचकाला खटकेल, पण तीत एक जाण होती: चित्र पाहून पाठीचा कणा किती वाकवावा हे कळते, आणि तो वाकतो आहे की नाही हे बाजूला उभा असलेला मास्तरच सांगू शकतो. याच अधिपतींनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली, तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. नांगराच्या कारखान्याच्या आवारात छापखाना, हा योग या प्रांताच्या स्वभावाला धरून होता. तिकडे बडोद्यास आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, आणि मल्लखांबासारख्या, शब्दांत पकडणे जवळजवळ अशक्य अशा विद्येलाही मराठीत छापील निवारा मिळाला. या ग्रंथांतून कोणी आखाड्याविना मल्ल झाला असेल असे मला वाटत नाही. परंतु आखाड्यात जे नुसते अंगवळणी होते त्याला नाव, क्रम आणि कारण प्राप्त झाले, हे कार्य लहान नव्हे.

पडद्यावाचून विद्या घेण्याचे दुसरे उदाहरण टेबलावरच्या खेळातलेच. स्नूकरचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असे मानतात. म्हणजे हा खेळ साहेबाचा खरा, पण पाणी आमच्या देशाचे. विल्सन जोन्स हे पुण्यात १९२२ साली जन्मले आणि १९५८ साली कोलकात्यास बिलियर्ड्सचे हौशी जागतिक अजिंक्यपद मिळवून त्यांनी देशाला अशा प्रकारचे पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद दिले; १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. दिल्लीचे दूरदर्शन १९५९ साली सुरू झाले आणि मुंबईचे १९७२ साली, हे सन शेजारी मांडून पाहिले म्हणजे ध्यानात येते की जोन्स यांची सर्व घडण पडद्यावाचून झाली. टेबलाशेजारी उभे राहून वडीलधाऱ्या खेळाडूंचा हात न्याहाळणे हीच त्या पिढीची चित्रफीत होती, आणि तिला मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. कॅरममध्ये सुहास कांबळींपासून २०१६ साली बर्मिंगहॅमला जगज्जेते झालेल्या प्रशांत मोरे यांच्यापर्यंत मराठी खेळाडूंची जी मोठी परंपरा आहे, तिचा उगमही चाळींच्या, मंडळांच्या आणि क्लबांच्या अशाच सहवासात शोधावा लागेल. ज्याला असा सहवास मुंबईच्या गल्लीत फुकट मिळतो त्याला पुस्तक की चित्रफीत हा प्रश्न पडत नाही. तो पडतो मेढ्याच्या मुलाला, ज्याच्याभोवती आपल्याहून फार वरचढ असा खेळाडू नाही.

आणि मेढ्याच्या मुलापुढे आणखी एक अडचण आहे, जिची दखल ना पुस्तक घेते ना चित्रफीत. जावळीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावयास नको की आषाढ-श्रावणात येथे भिंतीही घाम गाळतात. प्लायवूड ओल धरते, पावडर गोळा होते, सोंगटी रखडते, आणि उन्हाळ्यात जो रिबाऊंड भोकात जात होता तो अर्ध्या वाटेवर मरतो. वातानुकूलित दालनात चित्रित झालेला जोर येथे जसाच्या तसा उसना घेता येत नाही. तात्पर्य, चित्रफितीचा जो एकमेव निर्विवाद लाभ, म्हणजे वेगाचे दर्शन, तोच नेमका स्थानिक परिस्थितीत सर्वांत कमी टिकाऊ ठरतो. कोनाची भूमिती मात्र पावसाळ्यातही बदलत नाही, तिला फक्त दुरुस्ती लागते. ज्याच्यापाशी मूळ हिशेब आहे तो दुरुस्ती करू शकतो, आणि ज्याच्यापाशी नुसते पाहिलेले दृश्य आहे तो आपल्या नशिबाला बोल लावतो.

म्हणून माझा निवाडा पुस्तकाच्या बाजूने आहे, निदान या एका प्रकारच्या फटक्यापुरता. उभे कसे राहावे, क्यू कसा धरावा, अंगठ्याने स्ट्रायकर कसा सोडावा, हे शिकावयाचे असेल तर मी निःसंकोच चित्रफितीकडे बोट दाखवीन; शरीराच्या हालचालीचे वर्णन वाचून कोणाचा हात सुधारलेला नाही. परंतु बँक शॉट चुकतो तो बहुतेक वेळा हातामुळे नव्हे तर हिशेबामुळे, आणि चुकल्यानंतर कोणती राशी चुकली, कोन, जोर की फिरकी, हे वेगळे काढता आले पाहिजे. कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गतिशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो याच विभागणीसाठी. चित्रफीत यशस्वी फटका दाखवते. दहा फसलेले फटके कापून टाकलेले असतात, आणि शिकणाऱ्याला नेमकी त्या दहांची कारणे हवी असतात.

मोबाईलचा खरा उपयोग दुसऱ्याचे कौशल्य पाहण्यात नसून आपले अकौशल्य पाहण्यात आहे, हे मला त्या पोटमाळ्यावरही सांगावेसे वाटले. पोटमाळ्याच्या तुळईला मोबाईल उलटा बांधून, भिंग बरोबर बोर्डाच्या मध्यावर येईल असे पाहून, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे घेणाऱ्या मंद गतीच्या सोयीने आपलेच रिबाऊंड टिपावेत. मग सतरा सेंटीमीटरांची ती पोकळी दोनवर येते, आणि स्पर्शबिंदू हिशेबातल्या बिंदूपासून किती सरकला हे पट्टीने मोजता येते. वहीत एका बाजूस ठरवलेला बिंदू, दुसऱ्या बाजूस लागलेला बिंदू, तिसऱ्या रकान्यात जोर आणि चौथ्यात हवा कोरडी की दमट, असे दफ्तर कोणी एक पावसाळा आणि एक उन्हाळा इमानेइतबारे ठेवले तर त्या बोर्डापुरते ते कोणत्याही विलायती ग्रंथाहून अधिक प्रमाण ठरेल.

गणेशोत्सवात कॅरमचे सामने भरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना यासाठी एक विनंती करावीशी वाटते. बक्षिसाच्या ढालींवर होणाऱ्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून त्यांनी आपल्या भागातल्या जाणत्या खेळाडूंकडून रिबाऊंडच्या वीस-पंचवीस आकृत्या काढून घ्याव्यात, मोजमापे सेंटीमीटरांत द्यावीत, सोंगटीच्या त्रिज्येचा हिशेब पहिल्याच पानावर घालावा, आणि ती पुस्तिका मराठीत छापून स्पर्धकांना प्रवेशपत्रिकेबरोबर द्यावी. तोवर ज्यांच्या घरी सरावाचा बोर्ड आहे त्यांनी फ्रेमपासून दीड सेंटीमीटर आत, चारही बाजूंना, खडूची पुसट रेघ ओढावी आणि सोंगटीच्या रिबाऊंडचा नेम फ्रेमवर न धरता त्या रेघेवर धरावा. सामन्याच्या बोर्डावर अशी रेघ चालत नाही, तेव्हा खेळ संपला की ती पुसून टाकावी.